शिट्टीनंतर

बाळ मांडीवर आलं ते असं, की नको म्हणायला सवडच मिळाली नाही. एक्स-रेच्या खोलीचं दार किलकिलं झालं, आतून कुणीतरी पुढच्या पेशंटला हाक मारली, आणि समोरच्या बाकावरची तरुण बाई उठली. उजवं मनगट फडक्यात गुंडाळलेलं, डाव्या कडेवर बाळ. दाराकडे जायच्या ऐवजी ती मधला पॅसेज ओलांडून सरळ शिट्टीबाईपुढे आली, थोडी वाकली आणि कडेवरचं ते गाठोडं तिच्या मांडीवर उतरवून मोकळी झाली. "धरा हं जरा. आत नेऊ देत नाहीत," म्हणाली आणि दाराआड गेलीसुद्धा. दाराला आतून कडी लागली. वरचा तांबडा दिवा पेटला. शिट्टीबाईचा डावा खांदा कित्येक दिवस ठणकत होता, म्हणून तर ती इथे आली होती; पण बाळाचं वजन अंगावर पडलं तसा तो हात आपोआप वर आला, बाळाच्या मानेखाली गेला आणि दुखायचं विसरला. बाळाने तिच्याकडे पाहिलं. नव्या गावी बदली होऊन आलेला साहेब पहिल्या दिवशी ऑफिसकडे पाहतो तसं, फारशी अपेक्षा न ठेवता, पण नीट पाहिलं. मग तिच्या गळ्यातल्या दोरीला लटकलेली शिट्टी पकडली आणि तोंडात घातली.

बाळं तिने आयुष्यात रग्गड धरली होती. स्वतःची, भावाची, शेजारणींची. पण हे बाळ पलीकडचं होतं. शहराच्या मधोमध रेल्वेचे रूळ गेले होते. रुळांच्या अलीकडे टेकडी, टेकडीवर जुनी वस्ती, पायऱ्यांचे रस्ते, खिडक्यांत कुंड्या. रुळांपलीकडे नदी, आणि नदीच्या कडेने मागाहून आलेल्या लोकांची घरं. त्यांना येऊनही आता एक पिढी उलटली होती, तरी टेकडीवाले त्यांना 'पलीकडचे'च म्हणत आणि ते टेकडीवाल्यांना 'वरचे'. भांडण असं काही नव्हतं. बोलणं होतं, दुकानात, बसमध्ये, 'जरा सरकता का' इतपत. पण या दवाखान्यात पॅसेजच्या दोन बाजूंना दोन बाकं होती, आणि कुणी पाटी लावलेली नसूनही एकावर वरचे बसत, दुसऱ्यावर पलीकडचे. त्या दुसऱ्या बाकावर एक आजीबाई लोकर विणत बसल्या होत्या. बाळाची आई उठली तेव्हा त्यांनी विणकाम बाजूला ठेवून हात पुढे केले होते, आणि ती त्या हातांसमोरून बाळ घेऊन इकडे आली होती. आजीबाईंचे हात अजून तसेच अर्धवट हवेत होते. त्यांनी ते सावकाश खाली घेतले, सुया उचलल्या आणि शिट्टीबाईकडे अशी एक नजर टाकली, की हिच्यात एवढं काय आहे बुवा!

तेच तर शिट्टीबाईला कळेना. बाळाच्या डोक्याला दुधाचा आणि उन्हात वाळलेल्या कपड्याचा वास होता. त्याचं पोट तिच्या पोटाला टेकलं होतं आणि श्वासागणिक वरखाली होत होतं, आणि तिला उगीचच, काही कारण नसताना, फार बरं वाटायला लागलं होतं. इतकं बरं, की जरा भीतीच वाटली. कुणी चुकून तर दिलं नसेल? आपल्याला दुसरीच कुणी समजून? बाळाचं काय, ते कुणाच्याही मांडीवर बसेल. पण त्याच्या आईने बघून, निवडून दिलं होतं. आणि त्या तांबड्या दिव्याखाली, बंद दारामागे, त्या आईच्या दुखऱ्या मनगटाचा फोटो काढायला जी बाई उभी होती, ती शिट्टीबाईची सख्खी नणंद होती. सगळा उन्हाळा दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. खांद्याचा फोटो काढून घ्या, असं डॉक्टर केव्हापासून सांगत होते आणि शिट्टीबाई आज नको उद्या जाते म्हणून टाळत होती, ते याच दारामुळे.

नणंद म्हणजे टेकडीवरचं चालतंबोलतं हसू. लग्न होऊन शिट्टीबाई त्या घरात आली तेव्हा सगळे नव्या सुनेकडे गंभीर चेहऱ्याने बघत असताना ही शाळकरी पोर पलंगाखालून बाहेर आली होती आणि म्हणाली होती, "वहिनी, घाबरू नकोस, हे सगळे असे दिसतात फक्त." शहराच्या पोहण्याच्या तलावावर दुपारी बायकांची वेळ असे. त्या वेळात काठावर उभं राहून शिकवणं, ओरडणं, दमलेलीला बाहेर काढणं हे काम पुढे शिट्टीबाईकडे आलं, तेव्हा पहिल्या दिवशी पहिली उडी नणंदेनेच मारली होती, आणि 'शिट्टीबाई' हे नावही तिनेच पाडलेलं. आता खरं नाव नवऱ्यालाही आठवून सांगावं लागे. पाण्याखालून गुपचूप जाऊन कुणाचाही पाय ओढायचा ही नणंदेची जुनी खोड. सगळ्या मैत्रिणी किंचाळत, पाणी उडवत, शिव्या देत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच आसपास पोहत. तलावाच्या मधोमध तरंगत्या बोयांचा एक दोर होता. दोराच्या पलीकडे खोल पाणी, तिथे वरच्या बायका. अलीकडे उथळ, तिथे पलीकडच्या. हेही कुणी ठरवलेलं नव्हतं. पलीकडच्या बायका आपले टॉवेल आणि कपडे भिंतीवरच्या खुंट्यांना अडकवत नसत, गाठोडं करून अगदी काठावर, डोळ्यांसमोर ठेवत, आणि पोहतानाही मधूनमधून तिकडे बघत. शिट्टीबाईच्या आधी ज्या बाई तिथे होत्या, त्यांच्या काळात टोपी घातली नाही म्हणून कुणाला बाहेर काढलं असेल तर त्या पलीकडच्याच. वरच्या कुणी टोपी विसरली तर बाई हसून 'उद्या आठवणीने आणा हं' म्हणत. हे सगळ्यांना माहीत होतं. पाण्यासारखंच, ते तिथे असायचं आणि त्यावर कुणी बोलायचं नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी काडी दोर ओलांडून आली. काडी म्हणजे पलीकडची एक विशीतली मुलगी, शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करणारी, अंगाने काडीसारखी म्हणून काडी. उथळ पाण्यात ती कधीच तयार झाली होती. शिट्टीबाईनेच तिला मानेने खूण केली होती, ये. काडी दोराखालून सुळकन आली आणि खोल पाण्यात, हिरव्या फरश्या काळ्या दिसायला लागतात तिथपर्यंत, लांब लांब हात टाकत गेली. किती छान पोहतेय, असं शिट्टीबाईच्या मनात आलं आणि तेवढ्यात काडी खाली गेली. नणंद. शिट्टीबाईला हसूही आलं होतं, खोटं कशाला बोला. नेहमीची खोड, आता सुटेल आणि आता किंचाळेल. पण वरून, उन्हात, पाण्यातून सगळं स्वच्छ दिसत होतं. नणंदेचा हात काडीच्या घोट्याभोवती होता, आणि जिथे तो सुटायचा तिथे तो सुटला नाही. मैत्रिणींच्या बाबतीत तो नेहमी सुटायचा. आता तो धरूनच राहिला. क्षणभरच, पण शिट्टीबाईने स्वतःचा श्वास रोखला होता आणि तो संपत आला होता, तेव्हा काडी वर आली. नाकातोंडात पाणी, डोळे मोठे झालेले, खोकता खोकता दोर शोधणारे हात. आणि खोल बाजूच्या सगळ्याजणी हसल्या. नणंद वर आली, केस मागे सारले, आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "अगं, खोल पाण्यात यायचं तर एवढं चालायचंच."

ते वाक्य नसतं तर? या बाकावर बसून, मांडीवर परक्याचं बाळ घेऊन, शिट्टीबाईने पुन्हा एकदा स्वतःला विचारलं. हाताचं एक वेळ समजू शकलं असतं. हाताला कधी कधी कळत नाही. पण ते वाक्य नणंदेचं एकटीचं नव्हतं, टेकडीवरच्या सगळ्या खिडक्या एकदम बोलल्यासारख्या वाटल्या. तिने शिट्टी मारली. इतक्या जोरात, की तिच्याच कानांना दडे बसले. "बाहेर," ती म्हणाली. काडी बिचारी काठाकडे निघाली. "तू नाही." मग नणंदेकडे बोट. नणंद अजून हसत होती. "कोण, मी?" "तू. बाहेर. हा हंगाम संपेपर्यंत तलावात यायचं नाही." कुणीतरी म्हणालं, "अहो, घरातलीच आहे ती!" जणू शिट्टीबाई विसरली होती. पाणी काठावर आपटत राहिलं. नणंद शिडीवरून वर आली, ओली पावलं उमटवत तिच्यासमोरून गेली, आणि त्या चेहऱ्यावर राग नव्हता तर आश्चर्य होतं, लहानपणी पलंगाखालून बाहेर आलेल्या पोरीचंच आश्चर्य. ते बघून शिट्टीबाईला वाटलं होतं की धावत जावं आणि तिच्या अंगावर टॉवेल टाकावा. ती जागची हलली नाही. दुसरीकडे पलीकडच्या बायका मुकाट्याने आपली गाठोडी गोळा करत होत्या. कुणी तिच्याकडे बघितलं नाही, आभार तर दूरच. काडीला मधे घेऊन त्या निघून गेल्या, आणि नंतर बरेच दिवस आल्याच नाहीत. एवढं करून आपण दोन्हीकडच्या गमावल्या, असं तेव्हा तिच्या मनाने घेतलं.

घरी तर विचारू नका. सासूबाईंनी फोनवर फक्त 'बरं' म्हणायला सुरुवात केली, आणि त्यांच्या 'बरं'मध्ये अख्खं भाषण असे. नवरा पोस्टात होता, दोन्हीकडचं टपाल पोचवायची त्याला सवय, तो म्हणाला, "माझं काय, मी आपला तुमचा बोयांचा दोर. दोन्हीकडून लाटा." पण जेवताना तोही एकदम गप्प व्हायचा, कारण रविवारच्या जेवणाला नणंद नसली की बोलायला विषयच नसायचा, हे दोघांनाही तेव्हाच कळलं. टेकडीवरच्या दोघीतिघी तिला टाळून सकाळच्या, सगळ्यांसाठीच्या वेळेला जायला लागल्या. दुकानात एक मैत्रीण तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "जपून गं बाई, नाहीतर शिट्टी मारतील." आणि शिट्टीबाई रात्री अंथरुणावर पडून एकच गोष्ट घोळवत बसायची: हे मी काडीसाठी केलं, की मला नणंदेची लाज वाटली म्हणून? की लोकांनी बघावं म्हणून? उत्तराच्या जागी तो हात दिसायचा, पाण्याखालचा, न सुटणारा.

मग एका दुपारी त्या आल्या. आधी काडी, मग आणखी काहीजणी, मग पूर्वी कधी न आलेल्याही. या वेळी पहिल्यांदाच त्यांनी गाठोडी काठावर ठेवली नाहीत. भिंतीवरच्या खुंट्यांना, वरच्यांच्या टॉवेलांशेजारी टॉवेल अडकवले, पाठ फिरवली आणि पाण्यात उतरल्या, आणि पोहताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्या ओल्या रंगीबेरंगी टॉवेलांच्या रांगेकडे बघता बघता शिट्टीबाई एका बाईवर उगीचच ओरडली होती, "पाय सरळ! पाय सरळ!" वरच्यांपैकी एकीने आपला टॉवेल थोडा सरकवून जागा केली होती. एकीने आपला काढून दुसरीकडे नेलाही होता. दोन्ही तिने पाहिलं होतं.

आतून हसण्याचा आवाज आला. शिट्टीबाई दचकली, तसं बाळही दचकलं आणि शिट्टी त्याच्या तोंडातून सुटली. एक्स-रेच्या खोलीतून हसणं? आधी एक बाई हसली, मग दुसरी, आणि ते दुसरं हसू शिट्टीबाईने हजारात ओळखलं असतं, घशातून सुरू होऊन नाकात शिरणारं. सगळा उन्हाळा ते तिने ऐकलं नव्हतं. समोरच्या आजीबाईंनी सुया थांबवून दाराकडे पाहिलं. बाळानेही पाहिलं. मग काहीतरी सरकल्याचा आवाज, पुन्हा शांतता, आणि पुन्हा फस्सकन हसणं. तांबडा दिवा विझला, दार उघडलं, आणि बाळाची आई डोळे पुसत बाहेर आली.

"त्रास दिला का हो?" तिने विचारलं.

"छे. शिट्टी खाल्ली फक्त," शिट्टीबाई म्हणाली. बाळ लगेच परत देववेना. "हाताचं काय?"

"चीर गेलीय म्हणतात बारीकशी. फोटो बघून डॉक्टर सांगतील." ती शेजारी टेकली. वरच्यांच्या बाकावर, सहज, आणि टेकल्यावर तिच्या ते लक्षात आलं आणि तरी ती बसून राहिली.

"एक विचारू? समोर तुमच्या त्या आजी होत्या की. त्यांनी हातसुद्धा पुढे केले होते. मला का दिलंत?"

"आजी घेतल्या घेतल्या झोपतात. बाळाच्या आधी," ती हळू आवाजात म्हणाली. "खरं सांगू? उठताना दोन्ही बाकांवर नजर टाकली. म्हटलं, मी आत असताना या बाळाला कुणी काही केलं तर कोण उठेल? मग ते करणारं कुणी का असेना. तुम्ही उठाल, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बाकीच्यांचं मला माहीत नाही. आमच्यातल्यांचंसुद्धा."

"तुम्ही होता त्या दिवशी?"

"काडी माझी भाची. गाठोडी बांधणारी मीच."

शिट्टीबाईने बाळाचं टोपरं सरळ केलं. ते सरळच होतं. "मग आत कोण आहे, ते ठाऊक होतं तुम्हाला?"

"ठाऊक असूनच आले. घरी सगळ्या म्हणत होत्या, दुसऱ्या दवाखान्यात जा, त्या बाईच्या हातात हात देऊ नकोस. मी म्हटलं, का नाही? तिला तिच्याच माणसांनी चुकल्यावर धरलंय, सगळ्यांसमोर. जिला कधी कुणी धरलेलं नसतं ना, तिची मला भीती वाटते."

"आणि हसत काय होतात?"

"ते आता त्यांनाच विचारा," ती म्हणाली, कारण दारातून पुढची हाक आली होती, आणि हाक मारणारीने यादीतलं नाव वाचून, एक क्षण थांबून, मगच ते उच्चारलं होतं.

बाळ आईच्या कडेवर देऊन शिट्टीबाई उठली. आत गार होतं. यंत्राची लांब मान, काचेमागची छोटी खोली, शिशाचा जड एप्रन घातलेली नणंद. तिने मान वर न करता म्हटलं, "या. इथे उभ्या राहा. खांदा पाटीला टेकवा." ते 'या' शिट्टीबाईला दुखऱ्या खांद्यापेक्षा लागलं. लग्नापासून आजवर ही पोर तिला कधी 'अहो जाहो' बोलली नव्हती. गार पाटीला खांदा टेकला. नणंदेने दोन बोटांनी तिचं कोपर धरून जरा बाहेर वळवलं, अगदी हलकं, कळ येऊ नये इतकं बेताने, आणि शिट्टीबाईला जाणवलं की हा तोच हात आहे. "श्वास घ्या. धरा. हलू नका." नणंद काचेमागे गेली. यंत्र कुजबुजलं. शिट्टीबाई श्वास धरून उभी होती आणि सोडा म्हणायचं नणंदेच्या लक्षातच नव्हतं. ती काचेमागून नुसती बघत होती.

"सोडू का?" शिट्टीबाईने शेवटी विचारलं, दबलेल्या आवाजात.

"अगं सोड ना! कुणी सांगितलं होतं एवढा वेळ धरायला?" नणंद बाहेर आली आणि दोघींनाही एकदमच कळलं की 'अगं' म्हणून झालं आहे. आता परत फिरता येणार नव्हतं. तिने एप्रनचे बंद सोडायला घेतले, ते सुटेनात. "मी पण तेव्हा का नाही सोडला हात, मला अजून कळत नाही, वहिनी. आधी वाटलं, तू उगीच तमाशा केलास. मग चिडून चिडून कंटाळा आला. मग एकदा इथे त्यांच्यातली एक म्हातारी आली होती, पाय धरून सरळ करायचा होता, आणि माझा हात तिच्या घोट्याला लागला आणि... जाऊ दे."

शिट्टीबाईने तिच्या पाठीमागे जाऊन बंदांची गाठ सोडली. एका हाताने, दुसरा वर जात नव्हता. "आणि आज हसत काय होतीस?"

"ती आत आली तीच हात पाठीशी धरून. मी म्हटलं, घाबरू नका, पायांचा विभाग माझ्याकडून काढून घेतलाय, मी आता फक्त हात बघते. ती अशी हसली की फोटो हलला! परत काढला, तर परत हसली. तिसऱ्यांदा काढलाय. साहेब ओरडणार आहेत." हसता हसता ती मधेच गंभीर झाली. "वहिनी, माझी शिक्षा कमी करणार आहेस?"

"नाही."

"नकोच करूस," नणंद घाईघाईने म्हणाली. "आई म्हणत होती, तू बोलशील, माफ करशील. पण आज तू मला उद्यापासून ये म्हणालीस ना, तर ती बाई परत इथे हात देणार नाही माझ्या हातात. मला तिने हात दिला, तेव्हा किती... काय सांगू." तिला ते सांगता आलं नाही. शिट्टीबाईला न सांगता कळलं, कारण तिच्या मांडीवर अजून बाळाची ऊब होती.

दोघी बाहेर आल्या तेव्हा बाळाची आई त्याच बाकावर बसली होती, आणि आजीबाईही विणकामासकट इकडे येऊन बसल्या होत्या, वर बाळही त्यांच्याकडेच होतं, आणि खरंच, त्यांचे डोळे मिटले होते. बाळाची आई दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "तलाव बंद, तर बंद. पण नदी काही तुमच्या शिट्टीत येत नाही ना? रविवारी आमच्याकडे या. दोघी."

"माझा खांदा..." शिट्टीबाई म्हणाली.

"नदीत हात मारायला लागत नाहीत, बाई. नदी नेते."

नणंदेने हळूच विचारलं, "तिथे सगळ्या असतील?"

"असतील की. काडीपण असेल."

रविवारी नवऱ्याने टॉवेल स्वतः घडी करून पिशवीत घातले. "पलीकडच्या टपालात मी बरीच वर्षं आहे," तो म्हणाला, "पत्ता सापडला नाही तर विचारा." रुळांवरच्या पुलावरून जाताना शिट्टीबाईला तो पूल इतका छोटा आहे, हे पहिल्यांदाच दिसत होतं. त्यावरून ती बसने कितीदा तरी गेली होती. पायी एकदाही नाही. पुलानंतर गल्ली, गल्लीत दारापुढे खुर्च्या टाकून बसलेले लोक, कुणीतरी 'त्या बघ आल्या' म्हटल्याचं ऐकू येणं, आणि गल्ली संपली तिथे एकदम नदी. रुंद, तपकिरी, उन्हाने चकाकणारी, आणि तिच्या काठावर कमरेएवढ्या पाण्यात कितीतरी बायका. त्या दोघी दिसल्या तसं सगळ्यांचं बोलणं थांबलं. नदीचं तेवढं चालू राहिलं.

नणंद काठावर उभी राहिली. पाण्याच्या अगदी कडेला पाय, आणि तिथून पुढे ती जाईना. इथे बोलणं शिट्टीबाईचं काम नव्हतं. मग बायकांतून काडी पुढे आली. पाणी निथळत, लांब हात दोन्ही बाजूंना सोडून, नणंदेपासून जरा अंतरावर येऊन थांबली.

"येताय का?" काडी म्हणाली.

"येते," नणंद म्हणाली, आणि आली नाही. मग एकदम, लहान मुलीसारखं, तिच्या तोंडून निघून गेलं, "इथे माझा पाय कुणी ओढला तर?"

काडीने गंभीरपणे विचार केला. "तर मावशी मला बाहेर काढेल," ती म्हणाली. "हा उन्हाळा आणि पुढचासुद्धा. तुमच्यापेक्षा कडक आहे ती."

"काढेन!" मागून बाळाची आई ओरडली. तिच्या बांधलेल्या हातात शिट्टी नव्हती, पण आवाज पुरे होता. काठावरच्या आजीबाई आधी हसल्या. मग पाण्यातल्या एकेक करून हसायला लागल्या, ते पूर्वीच्या खोल पाण्यातल्या हसण्यासारखं नव्हतं, यात नणंदेलाही जागा होती. काडीने हात पुढे केला. नणंदेने त्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि मग तो दिला. काडीने तो धरला आणि नणंद पाण्यात उतरली, गार लागून तिची किंकाळी अशी उठली की गल्लीतले लोक खुर्च्यांवरून उठून बघायला लागले.

शिट्टीबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. वाहतं पाणी तिला अनोळखी होतं, ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. तलावातलं पाणी जिथल्या तिथे असतं, सांगितलेलं ऐकतं. हे पायांना सारखं ढोसत होतं, चल, चल. "आडव्या व्हा, बाई," काडी तिच्याजवळ येऊन म्हणाली. "पाय पुढे. मान सोडा. सोडा की मान!" इतकी वर्षं ती हेच दुसऱ्यांना सांगत आली होती आणि मान सोडणं म्हणजे काय, ते तिला आत्ता कळत होतं. पाठीखाली एक सडसडीत तळवा आला. कान पाण्यात गेले आणि जगाचा आवाज बदलला, एक मोठा, गोल, खुळखुळता आवाज, जणू सगळी नदी आतून गुणगुणत होती. वर नुसतं आभाळ. मग तळवा निघाला. निघाल्याचं तिला कळलंसुद्धा नाही, कारण तोवर नदीने तिला घेतलं होतं. दुखरा खांदा, हात, पाय, सगळं हलकं, कुणाचं तरी असल्यासारखं. पुढे कुठेतरी नणंद पाण्यातून ओरडत होती, "वहिनी, अगं हे थांबत नाही! वहिनी!" आणि घशातून सुरू होणारं ते हसू पाण्यावरून इकडे येत होतं. काठाने बाळाची आई बाळाला घेऊन भराभर चालत होती, तिच्यामागे आणखी काहीजणी, आणि त्यातल्या एकीने तोंडाशी हात नेऊन विचारलं, "शिट्टीबाई, कुठे निघालात?"

"मला काय विचारता?" शिट्टीबाई आभाळाकडे बघत ओरडली, आणि तोंडात गेलेलं पाणी थुंकत, हसत, पुन्हा ओरडली, "हिला विचारा!"

वळण आलं आणि ती वळली.